तुझ्या आईचं व्हेनिस

वोल्फ्सबुर्ग, रविवार, २७ एप्रिल २०२५

प्रणव,

वर 'प्रिय' लिहायचं की नाही यात पाच मिनिटं गेली, म्हणून सोडून दिलं.

तू फेब्रुवारीत माझा नंबर ब्लॉक केलास. ईमेल उघडत नाहीस. वकीलबाई म्हणतात, जे सांगायचं ते लेखी सांगा. आल्झो, म्हणजे तर मग, हे घे लेखी. या देशात नाहीतरी वीज कापण्यापासून लग्न मोडण्यापर्यंत सगळं पोस्टानेच होतं.

तुझ्या आईला येऊन पंधरा दिवस झाले. आपलं काय ठरलं होतं? आईंना तू सांगायचं, पहिल्या आठवड्यात, समोर बसून. तू त्यांना फ्रँकफर्टहून इथे आणलंस, माझ्या हातचा वरणभात जेवलास, पाणी प्यायला ग्लास कुठे आहे असं मला विचारलंस (स्वतःच्या घरात, आईसमोर!) आणि संध्याकाळच्या गाडीने कोलोनला निघून गेलास. जाताना जिन्यात मला म्हणालास, "त्यांना जरा स्थिरावू दे, मग सांगतो." त्या स्थिरावल्या आहेत, प्रणव. इतक्या स्थिरावल्या आहेत की रोज पहाटे कालव्याच्या काठाने पाच किलोमीटर चालून येतात, भेटेल त्याला मराठीत "नमस्कार" म्हणतात, आणि रस्ता पूर्ण रिकामा असतानाही लोक लाल सिग्नलला उभे राहतात हे पाहून त्यांचं मन भरून येतं. "चौतीस वर्षं मी सांगलीत पोरींना हेच शिकवत होते," म्हणाल्या. "इथे न शिकवता करतात."

पण त्या पीटीच्या बाई आहेत, आंधळ्या नाहीत. परवा कपाट आवरताना विचारलं, "प्रणवचे थंडीचे बूट दिसत नाहीत ते?" मी म्हटलं, कोलोनला घेऊन गेलाय, तिकडे थंडी जास्त असते. कोलोनला! वोल्फ्सबुर्गपेक्षा! काल विचारलं, "प्रणवचं कोलोनचं प्रोजेक्ट म्हणजे असं किती दिवसांचं असतं गं?" मी म्हटलं, आई, जर्मन प्रोजेक्ट आहे, लांबतं. त्या भाकरी थापत राहिल्या.

आणि आज सकाळी त्यांच्या फोनवर तुझा मेसेज. 'आई, अर्जंट डिलिव्हरी आहे, व्हेनिसला येता येत नाही. तुम्ही दोघी मस्त जाऊन या. सगळं बुक आहे.'

तुम्ही दोघी. मस्त.

ही ट्रिप तुझी होती. बाबा असताना त्यांना दाखवायचं राहून गेलं, म्हणून आईंना तरी दाखवायचं, हे तू गेल्या दिवाळीत ठरवलंस. आपलं जे काही झालं ते झाल्यावरही तू ती रद्द केली नाहीस, कारण रद्द करायची तर आईंना कारण सांगावं लागलं असतं. आणि आता मी, जिच्याशी तुला फोनवर बोलायचंही नाही, ती तुझ्या आईला घेऊन चार दिवस तुझ्या अकरा पानी पीडीएफप्रमाणे फिरणार.

मी नाही म्हणू शकले असते. आई आतल्या खोलीत बॅग भरायला लागल्या होत्या. त्यांनी नवे बूट काढून ठेवले होते, पांढरे, घासून स्वच्छ केलेले. मग नाही कसं म्हणायचं ते तू मला लेखी कळव.

शमिका

*

व्हेनिस, गुरुवार, १ मे

प्रणव,

पहिल्या दिवसाचा रिपोर्ट, तुझ्या पीडीएफच्या क्रमाने.

पान दोन, मोठा चौक. चौक दिसला नाही. माणसं दिसली. आज एक मे, सगळ्या युरोपला सुट्टी, हे तुला बुकिंग करताना कॅलेंडरवर दिसलं नाही का? छत्र्या वर धरलेले गाइड, त्यांच्यामागे चाळीस-चाळीस जणांचे घोळके. आईंना एका घोळक्याने उचलून पन्नास पावलं पुढे नेलं. मी ओरडतेय, त्या मागे वळून हात हलवतायत.

पान तीन, गोंडोला. तू बरोब्बर अकराची वेळ घेतली होतीस. आमच्यासारख्या अकरा वाजताच्या आणखी दहा होड्या त्या एका अरुंद पाण्यात शिरल्या आणि अडकल्या. ज्या गावात एक मोटार नाही तिथे मी ट्रॅफिक जॅममध्ये बसले होते. आमचा नावाडी एका हाताने फोनवर बोलत होता. आई मला म्हणाल्या, "हा गाणं म्हणणार होता ना?" मी म्हटलं, ते पॅकेज वेगळं असतं. "मग बरंय," म्हणाल्या.

पान चार, राजवाडा. तिकीट असूनही रांग. ऊन. पुढे एक बाई आपल्या नवऱ्याला ज्या भाषेत झापत होती ती मला कळत नव्हती, पण मी प्रत्येक वाक्याला मनातल्या मनात गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणत होते. वीस मिनिटांनी आई रांगेतून बाहेर पडल्या.

"आई, अहो कुठे? नंबर जाईल."

"जाऊ दे. चौतीस वर्षं रांगा लावल्यात मी. आता उभी राहणार नाही."

"अहो, प्रणवने तिकिटं काढलीत."

"मग प्रणवने उभं राहावं."

त्या पाण्याला उजव्या हाताला ठेवून सरळ चालत सुटल्या आणि मी मागून, दोन पर्स, एक पाण्याची बाटली आणि तुझा पीडीएफ घेऊन. मी चिडले होते. मी त्यांच्यावर चिडले होते हेही कबूल करते. मनात आलं, मी कोण लागते यांची आता, की यांच्यामागे धावू?

तीन-चार पूल ओलांडले आणि गर्दी संपली. कुणीतरी नळ बंद केल्यासारखी. एक रुंद रस्ता लागला, दुकानं अगदी साधी, म्हाताऱ्या बायका ट्रॉल्या ओढत बाजाराला निघालेल्या. रस्त्याच्या टोकाला पाणी होतं, आणि पाण्यात एक नाव बांधलेली. नावेत भाजीचं दुकान. वर ताडपत्री, खाली टोमॅटो, कांदे, मटार, आणि कमळाच्या कळीसारखी जांभळट हिरवी आर्टिचोक. तुझ्या आई तिथे जे थांबल्या ते अर्धा तास. भाजीवालीला मराठीत विचारलं, "हे कसं करायचं?" ती इटालियनमध्ये सांगत होती, हातवारे करून. बाहेरची पानं काढायची, टोक उडवायचं, लसूण, तेल, झाकण. आई मान डोलावत होत्या. मग म्हणाल्या, "वांग्यासारखंच आहे. नखरा जास्त." मटार घेतले. कच्चे. सोलून खात खात चाललो आम्ही, टरफलं माझ्या पर्समध्ये.

पुढच्या गल्ल्यांत समोरासमोरच्या खिडक्यांमध्ये दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले होते. प्रत्येक दोरीला दोन्हीकडे कप्पी. एक बाई वरून दोरी ओढत होती आणि चादरी सरकत सरकत गल्लीच्या मधोमध जात होत्या. आई मान वर करून इतका वेळ बघत राहिल्या की ती बाई लाजली. मग तिने मुद्दाम पुन्हा एकदा ओढून दाखवलं. एका चौकात लोखंडी नळ होता, सतत वाहणारा. पाणी इतकं गार की दात शिवशिवले. तिथल्या बाकावर बसून आईंनी बूट काढले, पाय धुतले आणि म्हणाल्या, "हे बरं आहे गाव."

संध्याकाळी आणखी एक सापडलं. मोठ्या कालव्यावर पूल थोडे आहेत, म्हणून गावातले लोक एका साध्या होडीने पलीकडे जातात. बसायचं नाही, उभं राहायचं. दोन मिनिटांत पलीकडे. तेवढंच, तिथे गाणं नाही की मखमली खुर्ची नाही. बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायकांमध्ये आई पाय फाकवून उभ्या राहिल्या, मला म्हणाल्या, "गुडघे सैल सोड, कडक राहू नकोस." पलीकडे पोहोचलो तर म्हणाल्या, परत जाऊ. मग परत आलो. मग पुन्हा गेलो.

मला मजा आली. हे तुला लिहिताना मला राग येतोय, कारण तुझ्या पीडीएफमध्ये यातलं काही नव्हतं आणि तू असतास तर आम्ही राजवाड्यात असतो.

शमिका

*

व्हेनिस, शनिवार, ३ मे

प्रणव,

मी सांगितलं. तुला सांगायचं होतं ते मी सांगितलं. आता नीट वाच.

काल सकाळी पुलाजवळच्या बाजारात गेलो होतो. तिथे एक माणूस आर्टिचोकचे नुसते तळ कापून लिंबाच्या पाण्यात टाकत बसतो. त्याचा सुरीचा हात असा चालतो की पानं बाजूला उडतात आणि हातात पांढरी चकती उरते. आई लहान मुलीसारख्या बघत होत्या. "प्रणवला दाखवू या," म्हणाल्या आणि व्हिडिओ कॉल लावला.

तू कट केलास. मग मेसेज. 'मीटिंगमध्ये आहे आई, नंतर.'

आईंनी तो दोनदा वाचला. मग मला म्हणाल्या, "शमिका, काल विमानतळावरून येताना तू म्हणालीस की आज जर्मनीत सगळ्यांनी रजा टाकलीय. जोडून सुट्टी आलीय म्हणून. तुझ्या टीममध्ये कुणीच नाही म्हणालीस."

"हो."

"मग हा कुणाबरोबर मीटिंगमध्ये आहे?"

तू बाथरूममध्ये आहे म्हणाला असतास तरी चाललं असतं. झोपलोय म्हणाला असतास. एक धड खोटं बोलता येत नाही तुला, आणि ते निस्तरायला मी. मी तोंड उघडलं ते आणखी एक थाप मारायलाच. पण समोर तो माणूस पानं उडवत होता, आई माझ्याकडे बघत होत्या, आणि माझ्याच्याने झालं नाही.

मी म्हटलं, "आई, प्रोजेक्ट वगैरे काही नाही. त्याने तिकडे नोकरी घेतलीय. तो नोव्हेंबरपासून वेगळा राहतो. आम्ही वेगळे झालोय. इथे घटस्फोटाआधी एक वर्ष वेगळं राहावं लागतं, त्यातले सहा महिने झाले."

एवढंच. एका दमात. मासळीवाल्यांच्या आरडाओरड्यात.

आईंनी हातातली मटारची पिशवी माझ्या हातात दिली. "तू इथे थांब," म्हणाल्या आणि गेल्या. मला वाटलं, तोंडावर पाणी मारायला गेल्या असतील. दहा मिनिटं थांबले. पंधरा. मग लक्षात आलं की त्यांचा फोन त्यांनी मघाशी माझ्याच पर्समध्ये टाकला होता.

प्रणव, मी तीन तास धावत होते. या गावात दोन गल्ल्या एकसारख्या दिसतात आणि तिसरी पाण्यात संपते. हॉटेलवर गेले, नाही. आदल्या दिवशीच्या नळावर गेले, नाही. एका पोलिसाला त्यांचा फोटो दाखवला. माझ्या फोनमध्ये तुझ्या आईचा एकटीचा एकही फोटो नव्हता. आपल्या लग्नातला होता, त्यात तू पण होतास आणि मी पण. तो विचारतो, यांतली हरवलेली कोण? मी त्याला बोटाने दाखवलं आणि मला तिथेच रडू फुटलं, तेही धड त्यांच्यासाठी की कशासाठी ते मला माहीत नाही. काही झालं तर तुला काय सांगायचं? "तुझी आई व्हेनिसमध्ये हरवली, बाकी सगळं बुकिंगप्रमाणे."

मग आठवलं. आदल्या रात्री नकाशा बघताना त्यांनी बेटाच्या पार टोकाला बोट ठेवून विचारलं होतं, "हे हिरवं काय आहे?" मी म्हटलं होतं, बाग असेल, पीडीएफमध्ये नाही.

बोटीने तिथे उतरले. पाइनची उंच झाडं, बाकांवर पत्ते खेळणारे म्हातारे, घसरगुंडीवर गावातली पोरं. एकही पर्यटक नाही. काठाकाठाने चालत गेले तर पाण्यात एक लांब होडी. त्यात चार बायका उभ्या राहून वल्हवत होत्या, साठीच्या-सत्तरीच्या, पांढऱ्या पँटी, एकीच्या डोक्यावर लाल टोपी. आणि मधोमध पाचवी. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, दोन्ही हातांत वल्हं.

मी काठावरून किंचाळले, "आई!"

त्यांनी मान वळवली. मला पाहिलं. आणि ओरडून म्हणाल्या, "थांब! वळवू दे आधी!"

वळवायला पाच मिनिटं लागली. पाच मिनिटं मी काठावर उभी. माझ्या आयुष्यात मी कुणावर इतकी चिडले नाहीये, तुझ्यावरसुद्धा नाही.

त्यांचा क्लब आहे तो. आई काठावर उभ्या राहून बघत होत्या, तासभर, आणि लाल टोपीवालीने विचारलं असावं, चढता का. भाषा कुणाला कुणाची येत नव्हती. "ती बाई खांद्यातून जोर लावत होती, मी तिला कमरेतून लावायला दाखवलं," असं तुझ्या आई मला सांगत होत्या. "मग तिनेच माझ्या हातात दिलं. इथे वल्ह्याचा आधार उघडा असतो गं, जरा चुकलं की निसटतं. चार वेळा निसटलं. पाचव्यांदा नाही निसटलं." लग्नाआधी त्या कृष्णेत पोहायच्या, होडी चालवायच्या, हे तुला माहीत होतं? मला नव्हतं. बाबांना पाण्याची भीती होती म्हणून सोडलं म्हणे. पंचेचाळीस वर्षं झाली.

त्या बायकांनी पायरीवर बसवून आम्हाला छोट्या ग्लासात वाइन दिली. आईंनी प्यायली. "हे प्रणवला सांगू नकोस," म्हणाल्या. मी सांगतेय. मी तुमच्या दोघांमधली गुपितं सांभाळून थकलेय.

मग त्या गेल्या आणि आम्ही दोघीच पायरीवर राहिलो. मी म्हटलं, "आई, मी मेले होते तीन तास."

"मला चालायचं होतं," म्हणाल्या. "तुझ्यासमोर रडले असते तर तू मला सावरत बसली असतीस. तुला कोण सावरणार होतं?"

मग विचारलं, "तो गेला तेव्हा तू त्याला थांब म्हणालीस का?"

हे मी वकीलबाईंनाही सांगितलेलं नाही. माझ्या आईलाही नाही. सगळ्यांना मी सांगते की प्रणवने मला न विचारता कोलोनची नोकरी घेतली आणि निघून गेला. ते खरंच आहे. पण त्या दिवशी तू दारात बॅग ठेवून दहा मिनिटं उभा होतास. किल्ली शोधत होतास, जी तुझ्या हातातच होती. आणि मी म्हणाले, जायचं तर जा आणि परत येऊ नकोस.

मी आईंना हे जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, आता त्या म्हणतील, मग चूक तुझी.

त्या म्हणाल्या, "त्याला थांबायचं असतं तर तो तेवढ्यावर गेला नसता. पण तू म्हणायला नको होतंस."

आणि मग, "मला राग तुमच्या वेगळं होण्याचा नाही गं. मला तीन आठवडे पाहुणी करून ठेवलंत दोघांनी. मी त्याच्या आवडीची चटणी करून फ्रीझरमध्ये डबे भरतेय, आणि तू बघतेयस."

याचं उत्तर तयार ठेव.

शमिका

*

वोल्फ्सबुर्ग, मंगळवार, ६ मे

प्रणव,

हे पत्र रजिस्टर्ड पाठवतेय, सही करून घ्यावं लागेल. मिळालं नाही असं म्हणता येणार नाही.

रविवारी रात्री परत आलो. शेवटच्या दोन दिवसांत आम्ही पीडीएफमधलं एकही पान पाहिलं नाही. आई दोन्ही सकाळी त्या बायकांकडे गेल्या. मी काठावर बसून राहिले, काहीही न करता, फोन बंद करून. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी दोन तास वकीलबाई, भाडं, सामानाची वाटणी यातलं काही मनात न आणता बसले. समोर पाणी, मागे पत्ते कुटणारे म्हातारे. निघताना लाल टोपीवालीने आईंच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि आई ताठ उभ्या राहिल्या, परेडसारख्या. मग एकदम वाकून त्यांनी पण घेतले.

आल्यापासून घर शांत आहे. आई रागावून गप्प नाहीत, विचार करतायत. काल मी ऑफिसमधून आले तर त्या दार उघडून म्हणाल्या, "आलीस का गं." रोज म्हणतात. आणि मला तिथेच बूट काढताना कळलं की मी त्यांना का सांगितलं नव्हतं.

तुला सांगायचं होतं, तू टाळलंस, ते सगळं खरं. पण मीही रोज सांगू शकले असते. मी तुझी वाट बघत नव्हते, प्रणव. सांगितलं की त्या बॅग भरतील, तुझ्याकडे जातील, आणि बरोबरच आहे, त्या तुझ्या आई. मग संध्याकाळी मी दार उघडेन आणि आत कुणी नसेल. म्हणून मी कोलोनची थंडी वगैरे थापा मारत राहिले. तुला वाचवायला नाही. मला त्या हव्या होत्या. हे माझ्या बाजूचं खोटं, आणि ते मी त्यांना काल जेवताना सांगितलं.

त्यांनी वाटीत आमटी वाढली. "जेव," म्हणाल्या.

आज सकाळी त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षी मला यायचं असेल तर व्हिसाचं पत्र कोण देणार?"

मी म्हटलं, प्रणव देईल.

"तो देईल ते कोलोनला यायचं. मी इथे यायचं विचारतेय."

मी परदेशी लोकांच्या ऑफिसात फोन केला. अर्धा तास ते संगीत ऐकून घेतलं. मग तिथल्या बाईंना विचारलं की पाहुण्याची हमी द्यायला नातेवाईक असावं लागतं का. त्या म्हणाल्या, नाही, तुमचा पगार पुरेसा असला की झालं. मी म्हटलं, पण फॉर्ममध्ये नात्याचा रकाना आहे. त्या म्हणाल्या, सासू असेल तर सासू लिहा. मी म्हटलं, तोपर्यंत नसेल. मग त्या म्हणाल्या, "मग मैत्रीण लिहा." मी आईंना सांगितलं. त्यांनी हसून हसून डोळे पुसले. "लिही," म्हणाल्या. "पण पत्रात मला अहो-जाहोच कर."

आता कामाचं. आई शनिवारी, १० तारखेला, तुझ्याकडे येतायत. मी सोडायला येते म्हटलं, त्यांनी नको म्हटलं. गाडी कोलोनला दुपारी दोन वाजून नऊ मिनिटांनी पोहोचते. डबा सात. दोन आठवडे राहतील, मग परत इथे, कारण त्यांचं परतीचं विमान मी इथून गाठून देणार आहे. तुला अर्जंट डिलिव्हरी असेल तर ती रविवारी कर.

माझा नंबर अनब्लॉक करायची गरज नाही. मला तुझ्याशी भांडायचं होतं ते बहुतेक या चार पत्रांत झालं. त्या दिवशी दारात मी जे म्हणाले, ते म्हणायला नको होतं. तू परत यावंस म्हणून हे लिहीत नाही. नको होतं, एवढंच.

खाली जागा सोडतेय. आईंनी सोडायला सांगितली आहे. त्या काय लिहितात ते मी वाचणार नाही, पाकीट त्याच बंद करतील.

शमिका

*

चि. प्रणव,

वरचं मी वाचलेलं नाही. ते तुमचं आहे.

शनिवारी येते आहे. भांडायला येत नाही. तुझं घर कसं आहे, तू काय खातोस, कुणाशी बोलतोस, ते मला बघायचं आहे.

बाबा गेले तेव्हा तू दोन दिवस उशिरा पोहोचलास. विमान रद्द झालं म्हणालास. तुझ्या मित्राने, ध्रुवने, त्याच संध्याकाळी मला फोन केला होता. त्याने तुला विमानतळावर सोडलं होतं आणि तू आत न जाता परत आलास, असं तो म्हणाला. त्याला तुझी काळजी वाटली म्हणून त्याने केला, त्याला बोलू नकोस. विमान रद्द झालं नव्हतं हे मला चार वर्षं माहीत आहे. तुला घाबरायला झालं असेल, असं मी मनाशी ठरवलं आणि विचारलं नाही. विचारायला हवं होतं. शाळेत एखादी पोर मैदानात उतरायला घाबरली की मी तिचा हात धरून विचारत असे, काय झालं. तुला नाही विचारलं. तेव्हापासून तुला वाटतं की आईला खरं सांगावं लागत नाही, ती काही म्हणत नाही.

आता विचारणार आहे. सगळंच. तू सांगेपर्यंत मी समोर बसेन. मला घाई नाही, व्हिसा जुलैपर्यंत आहे.

स्टेशनवर ये. स्वयंपाक करून ठेवू नकोस, आपण मिळून करू.

आई